बाजारपेठेतली दोरी: संध्याकाळी चार तास गाड्या बंद ठेवता येतील का?

गडगा
गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदराचं गाव, एवढं पुरे. ओळखणारे ओळखतीलच, त्यांनी गप्प बसावं. मला अजून ह्याच बाजारात उधारीवर चहा पावडर मिळते.

आमची बाजारपेठ म्हणजे देवळापासून जुन्या जकात नाक्यापर्यंत एक सरळ आळी. चालत सहा मिनिटं. परवा पुतण्याला घेऊन टेपने मोजली. शटर ते शटर सर्वांत रुंद ठिकाणी साडेसात मीटर, सोनाराच्या दुकानापाशी जेमतेम पाच. त्यातून दोन्हीकडची गटारं, गटारांवर पुढे काढलेल्या पायऱ्या आणि पायऱ्यांपुढे लावलेल्या मोटारसायकली वजा करा. उरतात अडीच-पावणेतीन मीटर. त्यातच दोन्ही दिशांच्या गाड्या आणि त्यातच माणसं.

चतुर्थीच्या आधी तीन दिवस पोलीस दोन्ही टोकांना दोरी बांधतात. वाड्यांवरच्या बायका माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या चौकटीचं, सामान घेऊन मधोमध बसतात. कवंडळं, कांगण्या, हरणं, सुपारीची शिपटं, आंब्याचे टाळे. आई 71 वर्षांची आहे, एरवी बाजार मीच करतो. त्या तीन दिवसांत ती दोनदा स्वतः गेली. दुसऱ्या दिवशी तर कापडाच्या दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसली, शाळेतली मैत्रीण भेटली म्हणून. ती मैत्रीण राहते आमच्यापासून दोन आळ्या सोडून, आणि ह्या दोघी दोन वर्षांत भेटल्या नव्हत्या.

गणपती गेले, दोरी सुटली. त्याच आठवड्यात एका स्कूटरचा आरसा आईच्या पिशवीच्या बंदात अडकला. दोन पावलं फरफटली, पडली नाही. पिशवीतले बांगडे रस्त्यावर. स्कूटरवाला थांबून म्हणाला, "आजी, कडेने चाला ना." कडेला गटार होतं.

तर विचारायचं हे की रोज नको, पण आठवड्यातून एकदा-दोनदा संध्याकाळी 5 ते 9 ही दोरी बांधता येईल का? कुणाच्या गावात असं काही झालंय का?

सोलकढी
वाचतेय. आईंना लागलं नाही ना?

गडगा
नाही. बांगडे गेले त्याचंच दुःख जास्त.

बांदेकरांचो झील
आमच्या मालवणात नारळी पुनवेक बंदर जेटीर पाय ठेवक जागा नसता. सगळो बाजार चलत जाता. त्या दिवशी कोणाचा काय एक अडणा नाय. आणि दुसऱ्या दिवशी मुंबयचो पावणो मोठी गाडी घेवन मॅप बघत बाजारात घुसता, समोरसून टेम्पो येता, आणि दोघांकय रिव्हर्स येणा नाय. मगे आमचे म्हातारे दुकानातसून भायर येवन "येवंदे, येवंदे, काप, काप" करीत ऱ्हवतत. ह्या काम फुकट चलता.

तागडी
धागा काढणाऱ्यांनी तीन दिवसांचं चित्र छान रंगवलं. मी बाजारपेठेत किराणा दुकान चालवतो (गाव वेगळं आहे, रोग तोच). आता दुसरी बाजू ऐका.

दोरीच्या दिवसांत गर्दी खूप असते हे खरं. पण ती गर्दी माटवी, फुलं, मखर, अगरबत्ती घेते. माझं गिऱ्हाईक म्हणजे दहा-बारा वाड्यांवरून येणारा माणूस. तो महिन्याचा बाजार एकदम भरतो. 25 किलोची तांदळाची पिशवी, तेलाचा डबा, गुळाची ढेप. हे घेऊन तो सहा मिनिटं चालेल का? तो महामार्गाजवळच्या मोठ्या दुकानात जाईल, तिथे दारात गाडी लागते. गेला की परत येत नाही.

दुसरं, माझा माल येतो दुपारनंतर. कोल्हापूरहून निघालेला टेम्पो घाट उतरून चार-साडेचारला पोचतो. तुमची दोरी पाचची. हमाल सहानंतर थांबत नाहीत.

आणि तुमच्या आईंनी ज्या पायरीवर बसून गप्पा मारल्या ना, तशा पायऱ्या अतिक्रमण म्हणून तोडायला हेच लोक पहिले अर्ज करतात.

गडगा
तागडी काका, पायरीचं पटलं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "बरोबर बोलतो तो."

नस्तीबहाद्दर
नगरपरिषदेच्या नोकरीत 31 वर्षं काढून निवृत्त झालो, म्हणून कागदाचं सांगतो.

गणपतीतली दोरी हा बंदोबस्त. दर आठवड्याची दोरी म्हणजे वाहतूक निर्बंध, त्याला आदेश लागतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालायचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. आपल्याकडे असे आदेश सहसा जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघतात. नगरपरिषदेने ठराव करायचा, वाहतूक शाखेचा अभिप्राय जोडायचा, प्रस्ताव वर पाठवायचा. फलक लावणं कलम 116 खाली.

आता लोकांना माहीत नसलेली गोष्ट. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना छापायची गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरे. हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. म्हणजे महिनाभर करून बघायला कायद्यानेच दार उघडं ठेवलंय. नोकरीत असताना मी हे तीन वेळा वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलं. तिन्ही वेळा फाईल "चर्चा करावी" असा शेरा घेऊन परत आली. चर्चा कुणी केली नाही.

रस्त्यावर बसणाऱ्यांना हलवायचा विचार असेल तर 2014 चा पथविक्रेता कायदा वाचा. सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश महिला. माटवीवाल्या बायकांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

कोथरूडकोकणे
मी पुण्यात. इथे 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा दिवसभर गाड्यांना बंद. मुलं रस्त्यावर बसून चित्रं काढतात, एरवी जिथे पीएमपीची बस कानाशी हॉर्न मारते. पहिल्या वर्षी मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून इमारतींकडे वर बघितलं. वीस वर्षांत लक्ष्मी रस्त्यावर मान वर करायची हिंमत झाली नव्हती. लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या आहेत तिथे!

12 डिसेंबरला सगळं पूर्ववत. वर्षातून एक दिवस म्हणजे बैलपोळाच झाला पादचाऱ्यांचा.

बांदेकरांचो झील
बैलपोळो!! 😂 झूल घालून फिरवतत की नाय?

चवथीची चाकरमानी
कोलंबियात बोगोटाला दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात. 1974 पासून. 120 किलोमीटरहून जास्त लांबी. आपण सहा मिनिटांच्या आळीसाठी भांडतोय.

तागडी
बोगोटात तांदळाची पिशवी रविवारी नेत नसतील.

उतार
स्थापत्य अभियंता आहे, चिपळूणची. दोन गोष्टी, दोन्ही महत्त्वाच्या.

पहिली उंचीची. "पादचारी रस्ता" म्हटलं की ठेकेदाराच्या डोळ्यांपुढे पेव्हर ब्लॉक येतात. जुन्या काँक्रीटवर रेती, रेतीवर ब्लॉक, रस्ता चार-सहा इंच वर. आधीच प्रत्येक डांबरीकरणात थोडा वर आलेला असतो. जुन्या दुकानांचे उंबरे आज रस्त्याखाली गेलेत ते असेच. 22 जुलै 2021 ला आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हापासून कुणी रस्ता उंच करतो म्हटलं की पोटात गोळा येतो. तो पूर रस्त्यामुळे आला नव्हता, पण साध्या पावसाचं पाणी दुकानात येतं ते ह्या इंचांमुळेच येतं. त्यामुळे खोदल्याशिवाय नवा थर नाही, ही पहिली अट घाला. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गटार, त्याचा ढाळ आणि त्यावरची झाकणं हाच इथला फूटपाथ. झाकणं सलग, एका पातळीत, मध्ये बोट जाईल एवढीच फट. हे जमलं तर निम्मं काम झालं.

फूटपाथबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, आयआरसी 103. चालायला मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर, कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पाच मीटरच्या आळीत दोन्हीकडे 1.8 मीटर सोडलं तर मध्ये गाडीला काय उरतं ते तुम्हीच मोजा. अशा आळीत फूटपाथ वेगळा काढूच नये. सगळा रस्ता एका पातळीत, मालक पायी चालणारा, गाडी पाहुणी.

दुसरी गोष्ट. आपण लक्ष्मी रस्ता नि बोगोटाच्या गप्पा मारतोय आणि आपल्या पाखाड्या विसरलो. जांभ्याच्या पायऱ्यांची, दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) वाट. उतारावर वसलेल्या गावांनी शेकडो वर्षं हीच वाट वापरली. वळणावर मोठं झाड, झाडाखाली पार, मध्ये कुणाच्या तरी विहिरीचा काठ. दमलं की टेकायला जागा असायचीच. गेल्या पंधरा वर्षांत त्यातल्या कितीतरी पाखाड्यांवर काँक्रीटचा उतार ओतला, बाईक चढावी म्हणून. पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि म्हाताऱ्या माणसाला आता तिथून ना चालता येत ना टेकता येत. आमच्या आजोळच्या पाखाडीला 42 पायऱ्या होत्या. मामा अजून बेचाळीसच म्हणतो, दिसतात नऊ.

सोलकढी
42 पैकी 9. हे वाचून काहीतरी झालं.

दस्तुरीनाका
कोकणातच, रायगड जिल्ह्यात, एक आख्खं गाव गाड्यांशिवाय चालतं हे कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. माथेरान. माझी तिथे सात वर्षं नोकरी झाली. गाडी दस्तुरीला सोडायची, पुढे पायी किंवा घोड्यावर. 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, पण मोटारींना मज्जाव त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

सकाळी खिडकी उघडली की हॉर्न नाही. मुलं रस्त्याच्या मधून पळतात आणि आई हाक मारत नाही. ती सात वर्षं मला परत मिळाली तर हवीच आहेत. पण तागडी काकांच्या तांदळाच्या पिशवीचं उत्तर तिथे काय होतं तेही सांगतो. माणूस आणि घोडा. गॅसच्या सिलिंडरपासून विटेपर्यंत प्रत्येक वस्तूवर वाहतुकीचं भाडं चढतं. पर्यटकाला हवा स्वच्छ मिळते, ओझं दुसऱ्याच्या पाठीवर असतं. आजारी माणूस, शाळेत जाणारं लहान पोर, म्हातारी, ह्यांना हातरिक्षा होती, ती ओढायला माणूस होता. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत थांबवा, ई-रिक्षा आणा. ई-रिक्षांनाही तिथे विरोध झालाच, तो वेगळा विषय.

म्हणून सांगतो, दोरी बांधण्याआधी ओझं कोण उचलणार ते ठरवा. आणि पेव्हर ब्लॉक घालण्याआधी घोडेवाल्यांना विचारा, घसरण म्हणजे काय ते.

तागडी
हा माणूस मुद्द्याचं बोलला.

तीन चाकं
रिक्षा चालवतो. तालुक्याच्या गावात 14 वर्षं. सगळे बोलले, रिक्षावाल्याला कोणी विचारलं नाही, नेहमीप्रमाणे.

खरं सांगू? संध्याकाळी बाजारात शिरायला आम्हालाही नको असतं. पाच मिनिटांच्या भाड्याला वीस मिनिटं जातात, क्लच जळतो, वर गिऱ्हाईक चिडतं. दोरी बांधा, पण दोन्ही टोकांना चार-चार रिक्षांचा स्टँड रंगवून द्या. आता स्टँड एकाच टोकाला आहे. बाजार करून दमलेलं माणूस दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं तेव्हा तिथे रिक्षाच नसते, मग मुलाला फोन करून बाईक आत बोलावतं. ही निम्मी गर्दी आहे बाजारातली. कोण विकत घ्यायला येत नाही, नुसतं न्यायला येतात.

गडगा
हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी स्वतः आईला न्यायला आत जातो.

केळफूल
बाईमाणसाच्या दोन मागण्या, कुणी विचारलेल्या नसताना. एक, मुतारी. चार तास बाजार फिरायचा तर जायचं कुठे? आमच्या बाजारात पुरुषांसाठी एक आहे, तिची अवस्था सांगत नाही. बायका घरून निघतानाच पाणी पीत नाहीत. मासळी विकणारी बाई तर पहाटेपासून बसलेली असते. दोन, सावली. सगळ्यांनी पावसाचा विचार केला, उन्हाचा नाही. एप्रिलमध्ये पाच वाजता काँक्रीट अजून वाफ टाकत असतं. एखादं झाड, नाहीतर निदान ताडपत्रीचा मांडव. बाकड्यावर नेत्यांची नावं नंतर लिहा, आधी त्यावर सावली आणा.

अवांतर: मासळीच्या पाण्याने रस्ता ओला होतो म्हणून त्यांना आधी हलवतील बघा. आणि ज्याच्यासाठी गावभरचे लोक बाजारात येतात तेच निघून जाईल.

कोथरूडकोकणे
दिल्लीत चांदणी चौकात मालाचा प्रश्न वेळेने सोडवायचा प्रयत्न केलाय. लाल किल्ला ते फत्तेपुरी मशीद, सुमारे 1.3 किलोमीटर, 2021 मध्ये नव्याने खुला झाला. सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी, माल रात्री. मी गेलो तेव्हा सायकलरिक्षांची एवढी दाटी होती की चालायला जागा पुन्हा शोधावीच लागली, आणि मधूनच एखादी मोटारसायकल बिनधास्त येत होती. तरी आधी बघितलेल्या चांदणी चौकापेक्षा शंभरपट बरा.

नस्तीबहाद्दर
आणखी एक नोंद. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अडथळ्याविना, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालचा हक्क आहे. अर्ज लिहिताना हे वाक्य वर टाका. साहेब लोक वरची दोन वाक्यंच वाचतात.

गडगा
दीड महिन्याने लिहितोय.

अर्ज केला. 38 सह्या. आई स्वतः सही मागत फिरली, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. एक महिना, फक्त रविवार, संध्याकाळी 5 ते 9, प्रायोगिक. रुग्णवाहिका आणि आळीत राहणाऱ्यांच्या गाड्यांना मुभा. मंजुरी कशी मिळाली ती कथा वेगळी, इथे नको. दोन रविवार झाले.

पहिल्या रविवारी फजिती. दोरी बांधली पण तिच्याजवळ कोण उभं राहणार हे ठरलंच नव्हतं. साडेपाचला एकाने बाईकवर बसल्या बसल्या पायाने दोरी दाबली आणि आत. त्याच्या मागे सात-आठ. सहा वाजता दोरी रस्त्यावर पडलेली आणि तीत एक कुत्रं झोपलेलं.

दुसऱ्या रविवारी दोन्ही टोकांना रिक्षावाले उभे राहिले (तीन चाकं, तुमची कल्पना आमच्या स्टँडवर वाचून दाखवली). त्यांची रिक्षा हाच अडसर, दोरीची गरजच पडली नाही. रुग्णवाहिका आली तर दहा सेकंदांत रिक्षा बाजूला घेता येते, हे करून बघितलं. तांदळाच्या पिशव्यांसाठी दोन हातगाड्या ठेवल्या, पिशवीला दहा रुपये, दुकानदारांनी वर्गणी काढून हमालाचे चार तास भरले. आमच्या किराणावाल्याने हातगाडी स्वतःची दिली, वर म्हणाला चाकाला तेल तुम्ही घाला. टेम्पोवाल्याशी बोललो, रविवारचा माल तो आता शनिवारी टाकतो.

कुरकुर आहेच. हार्डवेअरवाल्याने रविवारी साडेचारलाच दुकान बंद केलं, निषेध म्हणून की कंटाळा म्हणून ते कळलं नाही. सोनार खूष, पण सोनार नेहमीच खूष असतो. भेळवाल्याची भेळ सातलाच संपली. मुतारीचं काहीच झालं नाही, केळफूल. देवळाच्या ट्रस्टींनी त्यांचं स्वच्छतागृह चार तास उघडं ठेवलं, तेवढंच.

एक मुलगा वडिलांबरोबर सायकल शिकत होता, बाजारपेठेच्या मधोमध. सोनाराच्या दुकानापाशी, पाच मीटरमध्ये, धडपडला. चार-पाच दुकानदार बाहेर आले आणि सगळे एकदम सूचना द्यायला लागले. पोरगं सूचनांनीच जास्त घाबरलं.

बांदेकरांचो झील
"येवंदे, येवंदे, काप, काप"!!

केळफूल
ट्रस्टींना माझा नमस्कार सांगा. आणि आई?

गडगा
मैत्रिणीबरोबर पायरीवर. मी न्यायला चालत गेलो तर म्हणाली, तू जा, आम्ही येतो.

तागडी
वाचलं. माझ्या गावातही पाच-सहा दुकानदारांपुढे हा धागा काढून बसलो होतो काल. हातगाडीचं गणित पुन्हा एकदा नीट लिहा, हमालाचे चार तासांचे किती दिले आणि पिशव्या किती झाल्या ते. आणि दोरी कितीची आणली? आमच्याकडे नायलॉनची नको म्हणतायत, हात कापतो. काथ्याची बघतो.